छत्तीस फोटोंचा रोल

लताबाई पगारे मे महिन्यात निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्या बॅचच्या बायका नाशिकला एकत्र जमल्या. अडतीस वर्षांनी. सत्त्याऐंशी साली सत्तावीस मुलींनी इथल्या सरकारी हॉस्टेलात राहून नर्सबाईचं ट्रेनिंग घेतलं होतं. ते संपल्यावर त्या जिल्हाभर पांगल्या. कुणी नांदगावकडच्या उपकेंद्रात, कुणी लासलगावला, कुणी पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात. जन्मभर बाळंतपणं केली, पोरांना डोस पाजले, रजिस्टरं भरली. आता बहुतेक निवृत्त होत्या. दोघी वारल्या होत्या. उरलेल्यांतल्या बावीसजणी आल्या.

हॉलमध्ये दिवसभर कुणी धड बसलं नाही. प्रत्येकीच्या हातात फोन होता. जेवताना फोटो, जेवल्यावर फोटो, हॉलच्या जिन्यात ओळीनं उभ्या राहून फोटो. संध्याकाळी रडारड झाली, तिचेही फोटो निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लताबाईंच्या फोननं जागा संपल्याचं सांगितलं. ग्रुपवर सहाशे फोटो आले होते. एकच फोटो सातजणींनी टाकलेला. मध्ये गुलाबाची फुलं, सुविचार, कुणाच्या नातवाचा वाढदिवस. आपला जिन्यातला फोटो त्या अर्धा तास शोधत होत्या, तो काही सापडेना.

लताबाईंची मुलगी संजना पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची. ॲप कसं दिसावं, कोणतं बटण कुठं असावं, माणसाला काय आधी दिसावं, हे ठरवायचं तिचं काम. त्या दिवशी संध्याकाळी लताबाई तिच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"संजू, फक्त आमचे फोटो राहतील असं काही करता येतं का गं? फुलं नकोत, सुविचार नकोत."

"येतं की. बघते."

संजनाला वाटलं, दोन आठवड्यांचं काम आहे. ऑफिसातला तिचा मित्र सुयश कोड लिहायचा. त्याला तिनं गळ घातली, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लताबाईंच्या फोनवर एक देखणं ॲप आलं. त्यात अल्बम होते, फोटो आवडला की दाबायचे लाल बदाम होते, कोपऱ्यात मेनूच्या तीन रेघा होत्या. संजनानं खुर्ची ओढली आणि आईच्या शेजारी बसली. शिकवायचं नाही, नुसतं बघायचं, असं तिनं ठरवलं होतं. कामावर अनोळखी लोकांना बसवून ती असंच बघायची.

पहिल्याच पानावर ई-मेल आणि पासवर्ड विचारला होता. लताबाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे काय मागतंय?"

"तुझी ओळख."

"लसीकरणाच्या दिवशी बाई मूल घेऊन आली की मी आधी काय विचारायची? बाळाचं नाव काय. कार्ड नंतर. तुझं हे दारातच कार्ड मागतंय."

संजनानं वहीत लिहून घेतलं. कशीबशी आत गेल्यावर लताबाईंनी तीन रेघांवर बोट ठेवलं. "या कसल्या?" मग एका फोटोवर अंगठा टेकवला आणि बोलत राहिल्या. अंगठा तसाच टेकलेला राहिला, तेवढ्यात फोटो पुसू का म्हणून ॲपनं विचारलं. लताबाईंनी 'हो' दाबलं. हो म्हणायची त्यांना सवयच होती.

"आई, तो गेला."

"कुठं गेला?"

संजनाला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. सात वर्षं ती हे काम करत होती. तिनं वहीची दोन पानं भरली आणि रविवारपासून पुन्हा सुरुवात केली.

नवं ॲप उघडलं की एकच प्रश्न यायचा, 'तुमचं नाव सांगा.' टाइप करायचं नाही, बोलायचं. मग एक फोटो, अख्ख्या स्क्रीनभर. बोट सरकवलं की पुढचा. खाली दोनच बटणं होती. एक 'फोटो ठेवा', आणि दुसरं हिरवं, 'बोला'. हे दुसरं लताबाईंनी सुचवलं होतं. फोटोखाली काही लिहायचं म्हटलं की त्यांच्या मैत्रिणी कंटाळायच्या. पण बोलायला कुणाची ना नव्हती. बटण दाबून धरायचं, फोटोबद्दल सांगायचं, सोडायचं. फोटो बघणाऱ्यानं हवं तर ते ऐकायचं. ॲपला नाव दिलं 'आपले फोटो'. त्याहून भारी नाव सुयशनं सुचवलं होतं, पण लताबाई म्हणाल्या, "अक्काबाईला उच्चारता आलं पाहिजे."

अक्काबाई लासलगावच्या. बॅचमध्ये सगळ्यात आधी हसणारी आणि सगळ्यात आधी झोपणारी म्हणून त्यांची ख्याती होती. ॲप फोनवर आल्यावर तासाभरात त्यांचा आवाज आला. "लते, हे बरं हाय. मला आता च्यष्मा शोधायला नको."

आठवडाभरात डिसेंबरचे सगळे फोटो तिथं आले. आणि मग एका दुपारी अक्काबाईंनी एक जुना फोटो ठेवला. रंग उडून तांबूस झालेला, कोपरा मुडपलेला. हॉस्टेलच्या मागचं चिंचेचं झाड, आणि त्याखाली ओच्यात चिंचा घेऊन उभ्या असलेल्या पाच मुली. वेण्या वर बांधलेल्या, पायांत काही नाही.

त्या एका फोटोनं सगळ्यांना पेट्या उघडायला लावल्या. नांदगावहून एक आला, निफाडहून दोन. संत्र्यावर इंजेक्शनचा सराव करणाऱ्या मुली. गच्चीवर वाळत घातलेल्या सत्तावीस पांढऱ्या साड्या. वर्गातल्या बाकावर झोपलेल्या अक्काबाई, तोंड उघडं. प्रत्येक फोटोखाली आवाज साठत गेले. एकीनं नावं सांगितली की दुसरी म्हणे, ती सुमन नाही, सुमनला तेव्हा गोवर झाला होता. लताबाई सकाळी भाजी निवडताना फोन शेजारी ठेवत आणि ऐकत. कधी एकट्याच हसत. संजना आपल्या खोलीतून ते हसू ऐकायची. आई इतकी मोठ्यानं हसते हे तिला माहीत नव्हतं. तिच्या आठवणीतली आई दमून आलेली असायची, आणि पर्स खुंटीला लावली की लगेच कुकर लावायची.

फेब्रुवारी उजाडेपर्यंत अकरा जुने फोटो जमले. त्यानंतर येईनात.

एका संध्याकाळी संजना ते ओळीनं बघत होती. तिनं विचारलं, "आई, हे फोटो काढले कुणी?"

लताबाई शेजारी येऊन बसल्या. "चंद्रभागानं. तिच्या मावसभावाचा कॅमेरा होता. एकदाच आणला होता, एकच रोल. छत्तीस फोटोंचा."

"मग या अकरांत ती कुठाय?"

लताबाईंनी फोन हातात घेतला आणि एकेक फोटो जवळ धरून बघितला. चंद्रभागा कशातच नव्हती.

चंद्रभागा धांडे म्हणजे इगतपुरीची. लताबाईंची खोली, खाट आणि आरसा तिच्याबरोबर वाटलेला. ट्रेनिंगनंतर काही वर्षं पत्रं, मग बदल्या, मुलंबाळं, मग वर्षातून एखादा फोन. डिसेंबरात तिला सगळ्यांनी बोलावलं होतं. "येते बघ" म्हणाली आणि आली नाही. ग्रुपवर असून कधी चकार शब्द नाही. बायका म्हणाल्या, चंद्रभागा मोठी झाली, विसरली आपल्याला. लताबाई काही म्हणाल्या नव्हत्या, पण त्यांनाही ते लागलं होतं.

"उद्या शनिवार आहे," संजना म्हणाली. "जाऊन येऊ."

चंद्रभागाबाईंचा मुलगा शेखर रेल्वेत होता आणि इगतपुरीत स्टेशनच्या वरच्या अंगाला त्याचं क्वार्टर होतं. दार सुनेनं उघडलं. तिचं नाव पायल. आत खाटेवर एक बाई मांडीवर परात घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मान वर, नजर दाराकडे, आणि बोटं तांदळात फिरत होती.

"कोण आहे गं?"

"मी आहे," लताबाई म्हणाल्या.

बोटं थांबली. "लती?"

लताबाई पुढं झाल्या आणि दोन पावलांवर थबकल्या. चंद्रभागाबाई हसत होत्या, पण लताबाईंच्या डावीकडच्या भिंतीकडे बघून. माणसाकडे बघून त्याचं काय दुखतंय ते ओळखण्यात लताबाईंचा जन्म गेला होता. त्यांनी परात उचलून बाजूला ठेवली, खाटेवर बसल्या आणि मैत्रिणीचा हात हातात घेतला.

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली. काचबिंदू. उजव्यानं उजेड कळतो थोडा." चंद्रभागाबाईंनी मान हलवली. "दुसऱ्यांच्या पोरांना डोस पाजत फिरले आणि आपल्या डोळ्याकडं बघितलं नाय. नर्सबाई असून. कुणाला सांगू, सांग."

"मला सांगायचं."

"तुलाच तर सांगायला नको वाटलं."

पायल चहा करायला आत गेली. ग्रुपवरचे फोटो तीच बघायची, संजनाला तिनं नंतर सांगितलं. सासूबाईंना म्हणायची, अमकीचा फोटो आलाय, तमकीचा आलाय. सासूबाई म्हणायच्या, राहू दे.

चहा झाला. दोघी मैत्रिणी कुणाचं काय झालं ते बोलत राहिल्या. मग लताबाईंनी ॲपची गोष्ट काढली, पण अर्ध्यातच त्यांचा सूर उतरला. आंधळ्या माणसाला फोटोचं काय सांगतोय असं त्यांना झालं असावं.

"मला काय उपयोग त्याचा, पोरी?" चंद्रभागाबाई संजनाला म्हणाल्या. रागानं नाही, समजावल्यासारखं. "तू केलंस ते चांगलंच असंल."

संजनानं फोन उघडला. तिनं चिंचेच्या झाडाचा फोटो काढला आणि अक्काबाईंचा आवाज लावला. खोलीत अक्काबाई बोलू लागल्या. "ही मी, ही निफाडची कुसुम, ही लता, ओच्यात निम्म्या चिंचा तिच्याच. रविवारचा दिवस, सगळ्या मोकळ्या होतो..."

"रविवार नव्हता," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "गुरुवार. म्हस्के सिस्टर मीटिंगला गेल्या म्हणून आपण मागच्या दारानं निघालो. हा सहावा फोटो. पाचवा साड्यांचा. अक्की काय सांगते, ती तर चिंचा काढायला पालथ्या पाटीवर चढून पडली होती, पायाला रक्त हाय बघ डाव्या."

संजनानं फोटो मोठा केला. अक्काबाईंच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर एक काळपट ठिपका होता. आजवर कुणाच्या लक्षात आला नव्हता.

"मावशी, तुम्हाला नंबर कसे आठवतात?"

"एकच रोल होता ना गं. दादा म्हणाला होता, दुसरा मिळायचा नाय. मग एकेक बटण दाबायच्या आधी मी दहादा बघायची. कोण कुठं उभी हाय, ऊन कुठून येतं. छत्तीसच्या छत्तीस पाठ होते मला. तेव्हा डोळे मिटले की दिसायचे. आता उघडे ठेवले तरी तेच दिसतात."

"मग बाकीचे कुठं गेले?"

"वाटले. प्रिंट एकच एक निघाली होती. चिठ्ठ्या टाकल्या आणि जिचा नंबर आधी तिनं आधी उचलायचा. सत्तावीसजणींनी एकेक नेला, उरलेले माझ्याजवळ राहिले. आणि निगेटिव्ह." त्या थांबल्या. "इगतपुरीचा पाऊस तुला माहीत नसंल. चार महिने भिंतीला हात लावला तर पाणी. पेटीत सगळं एकमेकांना चिकटून गेलं. एक पण सुटा निघाला नाय."

 खाली स्टेशनात गाडी लागल्याची सूचना ऐकू आली आणि विरली.

"लते," चंद्रभागाबाई म्हणाल्या, "एकोणीस नंबरचा तुझा होता. तुला मिळायला पाहिजे होता."

"कुठला गं?"

"चौदा एप्रिलचा."

लताबाई सावरून बसल्या. त्या दिवसाची सकाळ त्यांना लख्ख आठवत होती. हॉस्टेलमधून त्या आंबेडकर जयंतीला एकट्याच जाणार होत्या. पण सकाळी खोलीतल्या सगळ्याच उठून तयार झाल्या, आम्हीही येतो म्हणाल्या. निळ्या काठाची पांढरी साडी लताबाईंनी उसनी घेतली होती, चंद्रभागाकडूनच.

"तू गेटाशी उभी," चंद्रभागाबाई सांगू लागल्या, "आणि तुझ्या शेजारी तुझे वडील."

"बाबा?"

"मग काय. सकाळच्या पॅसेंजरनं नांदगावहून आले नव्हते का? भाकऱ्यांची पिशवी घेऊन. आत पुरुषांना सोडत नव्हते म्हणून बाहेर थांबले होते. डोक्याला पटका, अंगात धुतलेला सदरा, त्याची वरची गुंडी तुटलेली. एका हातात पिशवी. मी म्हटलं, बाबा, पिशवी खाली ठेवा. ते म्हणाले, राहू दे, तिच्यात पोरींचं खाणं हाय. म्हणून पिशवी पण फोटोत आली."

लताबाई खाटेवर तिच्याजवळ सरकल्या. त्यांचे वडील पुंजा भालेराव रेल्वेच्या गँगमध्ये कामाला होते. एकोणनव्वद साली गेले. घरात त्यांचा एकच फोटो होता, कामाच्या ओळखपत्रावरचा, तोच मोठा करून भिंतीवर लावलेला. त्यात ते कुणावर तरी रागावल्यासारखे दिसत. संजनानं आजोबांना तेवढंच पाहिलं होतं.

"आणि मला विचारलं त्यांनी," चंद्रभागाबाई हळू बोलत होत्या, "पोरी, हसायचं का? मी म्हटलं, हसा की बाबा. तर एकदम ताठ झाले. चेहरा असा दगडासारखा. मी बटण दाबलं, म्हटलं झाला. आणि मग हसले. झाला का, म्हणाले, आणि खळखळून हसले. पुढचे दोन दात नव्हते त्यांना."

"नव्हते," लताबाई म्हणाल्या. "रुळाची पहार लागली होती." आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

संजनानं आईला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. ती उठून जवळ जाणार होती, पण चंद्रभागाबाईंनी चाचपडत लताबाईंचा खांदा शोधला आणि तो थोपटत राहिल्या, म्हणून ती जागेवरच बसली.

फोटो वाटले त्या दिवशी लताबाई बहिणीच्या लग्नाला गावी गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांच्या वाटणीला टोप्या घातलेल्या मुलींचा फोटो आला. गेटाशी काढलेला फोटो बिघडला असेल असं त्या समजून चालल्या आणि पुढं तो त्यांच्या मनातूनही गेला. त्या फोटोत मागं शकुंतला मोरे उभी होती, तिनं तो उचलला होता. वारलेल्या दोघींपैकी शकुंतला एक. लताबाईंनी पुढच्या आठवड्यात तिच्या गावी, मालेगावला, चारजणांना फोन लावले. शकुंतलाच्या घरचे घर विकून सुरतेला गेले होते. त्यापुढं माग लागला नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी दोघी गाडीनं नाशिकला परत निघाल्या. घोटीच्या पुढं आल्यावर लताबाई म्हणाल्या, "तिनं सांगितलं तसं त्या ॲपमध्ये ठेवता आलं असतं तर बरं झालं असतं. फोटो नाही, पण नुसतं सांगितलेलं."

"ठेवू," संजना म्हणाली.

सुयशला तिनं सोमवारी फोन केला. तो म्हणाला, "फोटोच्या ॲपमध्ये फोटोशिवाय नोंद? संजना, सगळी रचनाच फोटोवर उभी आहे. फोटो नसेल तर स्क्रीनवर दाखवायचं काय?"

"चौकट. कोरी. आणि तिच्यावर नंबर."

"आणि ऐकणाऱ्याला काय कळणार?"

"तू एकदा ऐक, मग सांग."

तिनं चंद्रभागाबाईंचं चिंचेच्या झाडाचं बोलणं त्याला ऐकवलं. सुयशनं ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. गुरुवारी त्यानं बदल करून पाठवला.

संजनानं आणखी एक गोष्ट बदलली. हिरवं बटण तिनं स्क्रीनच्या अर्ध्या भागाएवढं मोठं केलं. खालच्या अर्ध्यात कुठंही अंगठा टेकवला की बोलणं सुरू. वरच्या अर्ध्यात टेकवला की आधीचं बोलणं ऐकू येणार, आणि त्याआधी बोलणारीचं नाव. डोळ्यांची गरजच नको. आधी तिला वाटलं, हे फक्त चंद्रभागामावशींसाठी करतोय. पण अक्काबाईंनी कळवलं की आता त्या भाकरी थापतानाही कोपरानं ऐकू शकतात.

चंद्रभागाबाईंनी सुरुवातीला पायलला शेजारी बसवलं. चार दिवसांनी पायल कामात होती, तेव्हा त्यांचं त्यांनीच एक सांगून टाकलं. मग रोज दुपारी तीनला एक फोटो. एक नंबर : हॉस्टेलचं फाटक, त्यावर बसलेलं मांजर, रोल नीट बसलाय का बघायला काढलेला. चौदा नंबर : गंगेवर, गोदावरीच्या पाण्यात पाय सोडून बसलेल्या मुली, पाठमोऱ्या. तीस नंबर : कडक म्हस्के सिस्टर हसताना. हे सिस्टरना माहीत नव्हतं, खिडकीतून काढला होता. त्या साध्या आवाजात सांगत. डावीकडून कोण, कुणाच्या अंगावर काय, उजेड कुठला. आणि फोटोच्या अलीकडं-पलीकडं काय झालं तेही.

बायका दुपारी तीनची वाट बघू लागल्या. कुणाची आठवण वेगळी असली तर भांडत. निफाडच्या कुसुमताई म्हणाल्या, गंगेवर मी नव्हतेच. चंद्रभागाबाई म्हणाल्या, होतीस, तुझी एक चप्पल वाहून गेली आणि तू अनवाणी परत आलीस. कुसुमताईंचं उत्तर दोन दिवसांनी आलं. "होय गं. ती चप्पल नवी होती."

एकोणीस नंबर त्यांनी पुन्हा सांगितला, इगतपुरीला लताबाईंना सांगितला तसा नाही, सावकाश आणि नीट. लताबाईंनी तो संजनाच्या वडिलांना ऐकवला, धाकट्या भावाला ऐकवला, नांदगावच्या म्हाताऱ्या आत्याला फोनवरून ऐकवला. आत्या म्हणाली, "पुंजा असाच हसायचा. झाल्यावर."

हरवलेल्या पंचवीस फोटोंपैकी चोवीस चंद्रभागाबाईंनी सांगितले. बावीस नंबरची चौकट तेवढी गप्प राहिली. अक्काबाईंनी विचारून विचारून जीव नकोसा केला. कोण होतं त्यात, डॉक्टर होता का, मावसभावाचा मित्र होता का. चंद्रभागाबाईंनी त्या चौकटीवर एवढंच बोलून ठेवलं, "हा माझा हाय. तो मला राहू द्या." आवाजात हसू होतं. मग कुणी विचारलं नाही.

'आपले फोटो' पुढं फार मोठं झालं नाही. संजनानं कंपनीत दाखवलं, तिथल्या साहेबांना आवडलं, पण यातून धंदा काय होणार ते त्यांना दिसेना. ते बरोबरच असावं. आज ते वापरणारे चार-पाच गट आहेत. कॉलनीतल्या बुद्ध विहाराची मंडळी, लासलगावचं एक भजनी मंडळ, कुसुमताईंच्या भावकीतलं एक मोठं लग्न. त्यांच्यात कोऱ्या चौकटी सापडतात. संजनानं त्याबद्दल कुणाला काही शिकवलं नव्हतं. विहारातल्या एका आजोबांनी आपल्या लग्नाचा फोटो सांगून ठेवला आहे. कॅमेराच नव्हता तेव्हा, असं ते सुरुवातीलाच म्हणतात.

मे महिन्यात बॅच पुन्हा जमली, या वेळी अक्काबाईंच्या घरी, लासलगावला. चंद्रभागाबाईंना आणायला लताबाई स्वतः इगतपुरीला गेल्या आणि आदल्या दिवसापासून त्यांना नाशिकला घरी ठेवून घेतलं. रात्रीचं जेवण झाल्यावर दोघी एकाच खाटेवर आडव्या पडून बोलत होत्या. संजनाला मधूनमधून नावं ऐकू येत होती आणि मग दोघींचं दाबलेलं हसू.

लासलगावला अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. तेवीसजणी होत्या. चंद्रभागाबाई गाडीतून उतरल्या तेव्हा सगळ्या एकदम पुढं आल्या आणि मग काय करावं न कळून थांबल्या. अक्काबाईच आधी गेल्या. त्यांनी चंद्रभागाबाईंचा हात धरून स्वतःच्या गालावर ठेवला. "मी अक्की. लय जाड झाले. हात फिरवून बघ, पुरणार नाय."

मग एकेकीनं तसंच केलं. कुणी नाव सांगितलं, कुणाचं नाव चंद्रभागाबाईंनी आवाजावरून आधीच ओळखलं. कुसुमताईंना त्या म्हणाल्या, "चप्पल घातलीस का?"

फोटो संजना काढणार होती. चंद्रभागाबाईंना मधोमध खुर्चीवर बसवलं. त्या अस्वस्थ झाल्या. फोटोत बसायची त्यांना सवयच नव्हती, हात कुठं ठेवायचे ते कळेना.

"पोरी, ऊन कुठून येतंय?" त्यांनी विचारलं.

"मावशी, तुमच्या समोरून."

"मग सगळ्यांचे डोळे बारीक झाले असतील. त्यांना जरा डावीकडं वळव. अक्की, तू मागं हो, तू पुढं असलीस की मागच्या दिसत नाहीत. उंच कोण हाय? कुसुम मागं. लते, तू माझ्याजवळ."

तेवीस बायका अंगणात मुकाट्यानं हलल्या, वळल्या, मागंपुढं झाल्या. लताबाई खुर्चीशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

"हसायचं का?" अक्काबाईंनी मागून विचारलं.

"तुमचं तुम्ही बघा," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आज मी फोटोत हाय."